गावच्या वाचनालयासाठी गणिताची कोणती पुस्तकं घ्यावी?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्वी तालुक्यातल्या तुमच्या गावात 'ड' वर्गाचं वाचनालय आहे, यंदा पुस्तकांसाठी पाच हजार रुपये हाती आहेत आणि पोरांनाच काय, मोठ्यांनाही गणिताची गोडी लागेल अशी पुस्तकं हवी आहेत. गाइडं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं नकोत, असंही तुम्ही लिहिलंय. बरं केलंत. गावच्या वाचनालयात गणिताच्या कप्प्यात बहुतेक तेवढंच सापडतं.

मी हायस्कुलात गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर हिंगणघाट-समुद्रपूरकडच्या गावांत रविवारी पोरांसोबत कोडी नि खेळ घेऊन बसतो. पुस्तक निवडायची माझी कसोटी साधी आहे. कुठलंही पान उघडायचं आणि पाहायचं, वाचता वाचता हात खडू, खडे किंवा कागद शोधायला लागतो का. लागला तर पुस्तक घ्यायचं. गणित किती सुंदर आहे हे सांगत बसणारी पुस्तकं पोट्टे दोन दिवसांत परत आणून देतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

पहिली गोष्ट पुस्तकाशिवायच करा. वाचनालयाच्या फळ्यावर एक ओळ लिहा: 'चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच करा.' एखाद्या पोरीचं जन्मवर्ष २०१२ असेल तर २२१० मधून ०१२२ गेले, उरले २०८८. मग ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च येत राहतं. कुठल्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोचता. तीन अंकी संख्यांचा मुक्काम ४९५ वर असतो.

हे शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणूचा. नोकरी देवळालीला, शाळामास्तराची. मोठी पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. संख्यांशी खेळायचे आणि आपली पत्रकं स्वतःच छापायचे. इकडच्या पुष्कळ गणितज्ञांनी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर नाव झालं. पोरांना हे जरूर सांगा. त्यांच्या डोक्यात गणित करणारा माणूस परदेशातला आणि दाढीवाला असतो. शाळेच्या मास्तरानं अशी संख्या शोधली म्हटल्यावर त्यांचे चेहरे बदलतात. अन् त्यांना आणखी एक काम द्या. २३ मध्ये तिचेच अंक मिळवले की २८ होतात, म्हणजे २३ पासून २८ 'जन्मली'. मग जिला असा जन्मदाताच नाही अशी संख्या कोणती? २० ही तशी एक. शंभराच्या आत अशा तेरा आहेत. बाकीच्या सापडेपर्यंत पोरांना वहीवरून उठवू नका.

आता गार्डनर यांचं नाव निघालंच आहे तर पुस्तकांकडे वळतो. या प्रकारच्या लेखनात त्यांच्याएवढा माणूस दुसरा नाही. जन्म १९१४, शिक्षण तत्त्वज्ञानाचं, गणिताची पदवी नाहीच. १९५६ च्या डिसेंबरात त्यांनी त्या मासिकात कागदाच्या एका खेळण्यावर लेख लिहिला आणि त्यातून सुरू झालेलं सदर सुमारे पंचवीस वर्षं चाललं. त्या खेळण्याची कथा पोरांना फार आवडते. १९३९ साली आर्थर स्टोन नावाचा इंग्रज विद्यार्थी अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकायला गेला. तिथला कागद त्याच्या इंग्लंडहून आणलेल्या फाइलीपेक्षा रुंद, म्हणून तो कडा कापायचा. कापलेल्या पट्ट्या हाताशी पडलेल्या, त्या दुमडता दुमडता एक षटकोन तयार झाला, जो मधून उघडला की नवीनच बाजू दिसायची. दहा समभुज त्रिकोणांची एक पट्टी, तीन घड्या आणि थोडा डिंक एवढ्यात तो होतो. तिसरी बाजू पहिल्यांदा बाहेर आली की मोठी माणसंसुद्धा तो षटकोन उलटापालटा करून पाहतात.

गार्डनर यांची सगळी पुस्तकं मात्र घेऊ नका. सदराचे संग्रह जाडजूड आहेत, इंग्रजीही सोपी नाही. 'आहा! इनसाइट' हे १९७८ चं पुस्तक घ्या. त्यात चित्रं भरपूर आहेत आणि प्रत्येक कोडं अशा जागी अडवतं की आकडेमोड करत बसलात तर तासभर जातो, नीट पाहिलंत तर क्षणात सुटतं. इंग्रजीची भीती बाळगू नका. आठवी-नववीचा एखादा पोरगा शब्दकोश घेऊन बसला आणि इतरांना आपल्या बोलीत सांगत गेला, तर इंग्रजीही जाता जाता येते.

दुसरं नाव याकोव पेरेलमान. हा रशियन लेखक १८८२ चा. रंजक भौतिकशास्त्राचं त्याचं पुस्तक १९१३ मध्ये आलं, त्यानंतर अंकगणित, बीजगणित, भूमिती असं सगळं त्यानं त्याच पद्धतीनं लिहिलं. १९३५ साली लेनिनग्राडमध्ये त्यानं मनोरंजक विज्ञानाचं घरच उघडलं होतं, जिथं पोरं वस्तूंना हात लावून शिकायची. १९४२ मध्ये शहराला वेढा पडलेला असताना तो उपासमारीत गेला. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची स्वस्त, दणकट बांधणीची पुस्तकं आमच्या पिढीनं प्रदर्शनांतून घेतली. 'मॅथेमॅटिक्स कॅन बी फन' अजून मिळतं. त्यात कोपेक आणि वर्स्ट येतात. वाचून दाखवताना त्यांच्या जागी रुपये आणि कोस घाला, गणित बदलत नाही.

तिसरं पुस्तक गावात सर्वांत जास्त चालतं, असा माझा अनुभव आहे: 'द मॅन हू काउंटेड'. लेखकाचं नाव मल्बा ताहान, पण ते टोपणनाव. खरा माणूस ब्राझीलचा गणितशिक्षक, झूलियो सेझर दि मेलो इ सोझा. पुस्तक १९३८ चं. त्याचा जन्मदिवस ६ मे हा ब्राझीलमध्ये राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळतात. गोष्ट अरबस्तानातली, पण तिच्यात पहिल्याच काही पानांत वाटणीचं भांडण येतं, आणि वाटणी म्हटलं की आपल्या गावात कोणाचे कान टवकारत नाहीत? तीन भाऊ, पस्तीस उंट. बापानं लिहून ठेवलेलं: थोरल्याला निम्मे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. पस्तिसाचे निम्मे होत नाहीत. गणिती माणूस आपल्या सोबत्याचा उंट त्यात घालतो, झाले छत्तीस. थोरल्याला अठरा, मधल्याला बारा, धाकट्याला चार. प्रत्येकाला हक्कापेक्षा जास्त मिळालं. बेरीज मात्र चौतीस! दोन उंट उरले: एक सोबत्याचा परत, एक गणित्याची मजुरी.

मी इथे पुस्तक मिटतो आणि गप्प बसतो. 'सर, इथं कुठीतरी चोरी झाली,' असं कोणी ना कोणी म्हणतंच. मग चोरी शोधायला सगळे लागतात. निम्मा, तिसरा आणि नववा हिस्सा मिळून पूर्ण एक होतच नाही, सतरा अठरांश होतो. बापानं अठरावा हिस्सा कोणालाच दिला नव्हता. अपूर्णांकांची बेरीज शाळेत रडत करणारी पोरगी इथे छेद समान करून मोकळी होते, कारण तिला चोर पकडायचा असतो. एकदा एका आजोबांनी ऐकून विचारलं, 'सातबाऱ्यावर असं लिहिलं असतं तं तलाठ्यानं काय केलं असतं?' त्यावर अर्धा तास गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

मराठीतलं विचाराल तर मंगला नारळीकरांचं 'गणितगप्पा' आधी घ्या. त्या स्वतः गणितज्ञ होत्या, बालभारतीच्या गणित समितीचं काम त्यांनी पाहिलं, २०२३ मध्ये गेल्या. लिहिणं असं की शेजारची काकू बोलते आहे. पाचवी ते आठवीच्या पोरांना हे स्वतःचं स्वतः वाचता येतं, म्हणून दोन प्रती घ्या. त्यासोबत बालभारतीचं 'किशोर' मासिक. ते १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. त्यातली कोडी कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवता येतात.

'लीलावती' हवीच. भास्कराचार्यांनी ती ११५० साली लिहिली. ना. ह. फडके यांचं 'लीलावती पुनर्दर्शन' मराठीत आहे. मिळालं तर सोडू नका, पण ते पोरांच्या हाती देऊ नका, तुम्ही वाचा आणि एकेक उदाहरण फळ्यावर लिहा. भुंग्यांचं उदाहरण आधी: थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलीन्ध्राच्या फुलावर, या दोन्हींतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा वाऱ्यावर घिरट्या घालत राहिला. एकूण किती? दहावीची पोरं लगेच 'क्ष' धरतात. पाचवीची पोरगी म्हणते, पाचाचे नि तिनाचे भाग पडले पाहिजे, म्हणजे पंधरा तर पाहू. तीन, पाच, दोनाची तिप्पट सहा, झाले चौदा, उरला एक. तिचं उत्तर आधी येतं! दोघांनाही शाबासकी द्या, पण दहावीच्या पोराला विचारा की तिची रीत दरवेळी चालेल का.

हे झालं पुस्तकांचं. पण पाच हजारांतले सगळे पैसे छापील कागदावर घालू नका, असं मी आग्रहानं सांगेन. तुमच्या गावात आधीच जे खेळ आहेत ते कुठल्याही पुस्तकापेक्षा कमी नाहीत, फक्त त्यांच्याकडे गणित म्हणून कोणी पाहिलेलं नसतं. म्हाताऱ्यांना विचारा. नवकांकरी, वाघ-बकरी, चिंचोक्यांवरचा अष्टाचंग हे त्यांच्या बोटांत असतं. नवकांकरीचे पट जुन्या देवळांच्या फरशांवर कोरलेले दिसतात. चोवीस बिंदू, प्रत्येकी नऊ खडे. संगणकावर राल्फ गासर यांनी १९९३ मध्ये दाखवलं की दोघांनीही एकही चूक केली नाही तर हा डाव बरोबरीत सुटतो. हे पोरांना सांगा. दुसऱ्या दिवशी हरलेला पोट्टा आपली चूक कुठल्या खड्यावर झाली ते शोधत बसलेला दिसेल.

अष्टाचंगात तर संभाव्यता अख्खी भरलेली आहे. चिंचोके दुभंगून चार फाका घ्यायच्या, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. टाकल्यावर जितक्या पांढऱ्या तितकी घरं. चारही पांढऱ्या आल्या तर चार, चारही तपकिरी आल्या तर आठ, आणि या दोन्हींवर पुन्हा टाकायला मिळतं. असं का? चार फाकांचे एकंदर सोळा प्रकार होतात. एक पांढरी येण्याचे चार, दोन येण्याचे सहा, तीनचे चार, पण सगळ्या पांढऱ्यांचा एकच आणि सगळ्या तपकिरींचा एकच. जे क्वचित पडतं त्याला बक्षीस. ज्या कोण्या आजीनं हा नियम घातला तिनं सोळा प्रकार मोजलेले नसतील, तरी खेळून खेळून तिला नेमकं कळलं होतं. पण थांबा, हे सोळा प्रकार सारखेच पडतात हे आपण धरून चाललो. चिंचोक्याची फाक एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर. तेव्हा पोरांना शंभरदा टाकून नोंद करायला लावा. हिशोबाचे आकडे आणि वहीतले आकडे जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत यावर जे भांडण होतं तेच संख्याशास्त्राचं पहिलं प्रकरण आहे. कवड्यांनी केलं तर आणखीच वेगळे आकडे येतात.

एक खेळ मी प्रत्येक गावात पहिल्या दिवशी घेतो. पुठ्ठ्याचे नऊ तुकडे, त्यांवर १ ते ९. दोघांनी आळीपाळीनं एकेक उचलायचा. ज्याच्याजवळ कुठल्याही तीन तुकड्यांची बेरीज १५ होईल तो जिंकला. पोरं गोंधळतात, बोटं मोजतात, समोरच्याला अडवायचं विसरतात. थोड्या वेळानं मी जमिनीवर तीन ओळींचा चौकोन आखतो: २ ७ ६, खाली ९ ५ १, खाली ४ ३ ८. आडवं, उभं, तिरपं, कुठूनही पंधरा. मग तुकडा उचलायच्या ऐवजी त्या घरावर फुली किंवा गोळा काढायला सांगतो. 'अबे, हे तं फुली-गोळाच आहे!' अगदी तोच खेळ, फक्त अंकांचे कपडे घातलेला. दोन वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी आतून एक निघाल्या की जो आनंद होतो तो मार्कांनी मिळत नाही. इथून पुढे खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरावर कोरलेला चार ओळींचा चौकोन दाखवता येतो, ज्याची प्रत्येक बेरीज ३४ आहे.

अडत्याच्या दुकानाचं कोडंही जुनंच आहे: चाळीस शेरांचा मणाचा दगड पडून चार तुकडे झाले, आणि त्या चार तुकड्यांनी एकापासून चाळीसपर्यंत प्रत्येक पूर्ण शेर तोलता यायला लागलं. तुकडे कितीचे? युरोपात हे बाशे यांनी १६१२ च्या पुस्तकात दिलंय, पण आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना बाशे माहीत असायची गरज नाही. उत्तर मी इथे देतो, पण पोरांना देऊ नका: १, ३, ९, २७. गंमत अशी की दगड मालाच्या पारड्यातही ठेवता येतो. दोन शेर तोलायला एकीकडे तीनचा आणि मालासोबत एकचा. जुनी तागडी घरात पडलेली असेल तर ती वाचनालयात आणून टांगा.

आणि ज्यांना अंकांचीच चीड आहे त्यांच्यासाठी अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मल्यन यांची पुस्तकं. खरं बोलणारे आणि खोटं बोलणारे यांच्यावरची त्यांची कोडी प्रसिद्ध आहेत. त्याच जातीचं एक जुनं कोडं आहे: एका फाट्यावर उभे आहात, एक रस्ता खरबोल्यांच्या गावाला जातो, दुसरा खोटबोल्यांच्या. समोर एक माणूस आहे, कुठला ते माहीत नाही. एकाच प्रश्नात खरबोल्यांचं गाव शोधा. 'तुमच्या गावचा रस्ता दाखवा' एवढं विचारायचं. खरबोल्या आपल्याच गावाकडे बोट करतो, खोटबोल्यालाही खोटं बोलायचं म्हणून तिकडेच बोट करावं लागतं. यात एकही आकडा नाही. गणितात नापास होणाऱ्या मुली अशा कोड्यांत सगळ्यांच्या पुढे असतात, हे मी वारंवार पाहिलंय.

झटपट गणिताच्या पुस्तकांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विक्रेता ती तुमच्या गळ्यात मारेल. भारती कृष्ण तीर्थांचं 'वैदिक गणित' १९६५ चं. त्यातली सूत्रं उपलब्ध वेदवाङ्मयात सापडत नाहीत, हे अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. युक्त्या मात्र चुकीच्या नाहीत. ९७ गुणिले ९६: शंभरातून तीन कमी, चार कमी, सत्त्याण्णवातून चार गेले त्र्याण्णव, तीन चोक बारा, उत्तर ९३१२. ही युक्ती दाखवून 'हे काहून होते?' असं पोरांनी विचारलं आणि ते कंस सोडवायला बसले तर फार छान. पण ती पुस्तकं 'काहून'पाशी थांबत नाहीत, पुढच्या युक्तीकडे पळतात. शकुंतलादेवींची कोड्यांची पुस्तकं स्वस्त आहेत, एक ठेवायला हरकत नाही. १९८० मध्ये लंडनला त्यांनी तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला होता, ते ऐकून पोरं तोंडात बोट घालतात. पण तोंडात बोट घालणं आणि खडे हातात घेणं यांत फरक आहे.

अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर शेकडो पुस्तकं आणि खेळणी मोफत आहेत, मराठीतही. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची रबरी नळी आणा, तिचे तुकडे करून काड्यापेटीतल्या काड्या जोडा. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. मग वर पाहायला सांगा: टिनाच्या शेडची कैची त्रिकोणांचीच का असते?

वापराच्या दोन-तीन गोष्टी. उत्तरांची पानं पुस्तक आल्या आल्या पिनांनी बंद करून टाका, आणि किल्ली म्हणजे पिन काढायचा अधिकार ग्रंथपालाकडे ठेवा. एक जाड वही ठेवा, तिच्यात पोरांनी उत्तर नाही, आपली रीत लिहायची, नावासकट. तुम्हाला एखादं कोडं सुटलं नाही तर 'मलाही नाही जमलं, पाहू' असं मोकळेपणानं म्हणा. पोरं तुमच्या आधी सोडवायला लागतील. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरं शेतात असतात, तेव्हा संध्याकाळची बैठक ठेवा. उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ, त्यानंतर आपल्याकडच्या उन्हात डोकं कोणाचं चालत नाही. मुलींना पाण्याच्या वेळेत बोलावू नका.

पैशांचं असं करा: दोन हजारांत 'गणितगप्पा', पेरेलमान, मल्बा ताहान. हजारभरात 'आहा! इनसाइट' आणि स्मल्यन यांचं एखादं. 'लीलावती' जुन्या पुस्तकांच्या दुकानात नागपूरला चौकशी करून. उरलेल्यात कोरे पुठ्ठे, रंगीत खडू, डिंक, कात्री आणि गावच्या सुताराकडून नवकांकरीचे दोन पाट करून घ्या, सागवानाचेच हवेत असं नाही. बाकी खडे तुमच्या नाल्यात आहेतच.